कुणाच्या वळणावर

घरात केस जळल्याचा वास आला आणि क्षणभर मला वाटलं, आज बकरी ईद आहे. तसं वाटायला काही कारण नव्हतं. ईद केव्हाच होऊन गेली होती. मी फजरची नमाज आटपून जानमाजवरच बसले होते, एसीची घरघर चालू होती, आणि मस्कतमध्ये, मवालेहच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बकऱ्याची मुंडी कोण भाजणार? इथे कसाई सगळं साफ करून, धुऊन, पिशवीत बांधून देतो. त्या मुंडीला कधी केस होते असं वाटतसुद्धा नाही. पण नाकाला काळवेळ कळत नाही. त्यानं मला एकदम रायगडच्या किनाऱ्यावर, आमच्या घराच्या मागल्या दारी नेऊन बसवलं. माझी सासू तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवी बसली आहे, सळईला खोचलेली मुंडी जाळावर फिरवते आहे. केस चुरचुरतात, आखडतात, त्यांच्या बारीक गाठी होऊन गळून पडतात. ती कोयत्याच्या धारेनं काळं खरवडते आणि पुन्हा जाळावर धरते. धूर येतो म्हणून तिनं पदर नाकावर घेतला आहे. डोक्यावरही पदर आहे, आणि पदराखाली कपाळापासून मानेपर्यंत घट्ट आवळलेलं एक फडकं. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून ती जाईपर्यंत ते फडकं तिच्या डोक्यावरून उतरलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं, तिचं डोकं दुखत असेल.

मी उठले. गुडघ्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं. वास समरीनच्या खोलीतून येत होता. समरीन ही माझी नात, अमीनची एकुलती एक मुलगी. दार अर्धवट उघडं होतं. ती आरशासमोर बसली होती, हातात केस सरळ करायचं ते चिमट्यासारखं गरम यंत्र, खांद्यावर टॉवेल, आणि डोक्याभोवती थोडा धूर. खरोखरचा धूर.

"दादी, आत नको येऊ. स्मेल आहे."

"वास घराच्या दारापर्यंत पोचला. काय करतेस गो?"

"एक साइड झाली. दुसरी होतच नाहीये."

डावी बाजू सरळ झाली होती. सरळ म्हणजे पिसं काढलेल्या पंखासारखी, कडक आणि निस्तेज. उजवी बाजू अजून तिची होती. समरीनचे केस खाली पडत नाहीत, ते बाहेर वाढतात, चहूबाजूंनी, दाट. हात ठेवला तर दबतात, आणि हात काढला की हळूहळू वर येतात, झोपेतून जागं झाल्यासारखे. ती लहान होती तेव्हा माझ्या मांडीवर झोपायची आणि मी उगाचच दाबून बघायची. आज मी दारात उभी राहून त्या दोन बाजू पाहत होते आणि मला वाटत होतं, हिच्या खुर्चीवर दोन मुली बसल्यात आणि एकीला दुसरीची लाज वाटते आहे.

हे सगळं गुरुवारी सुरू झालं. सुरू झालं असं मी म्हणते, कारण घरातल्या सगळ्यांच्या मते ते गुरुवारी सुरू झालं. समरीन एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर काम करते. मोठा दवाखाना आहे, काचेचा, आत शिरलं की लवंगेच्या तेलाचा नव्हे तर अत्तराचा वास येतो. तिचे उमेदवारीचे महिने संपत आले होते. पक्की झाली की तिला तिथून व्हिसा मिळणार होता, स्वतःचा. आमच्या घरात आता दुसऱ्या कुणाला व्हिसा राहणार नव्हता. अमीनच्या कंपनीचं काम संपलं. उन्हाळा उतरला की आम्हाला गाशा गुंडाळून गावी जायचं होतं: अमीन, सूनबाई रशीदा आणि मी. समरीनचा जन्म इथला. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. गाव तिला सुट्टीतलं माहीत आहे. सुट्टीत ती गावात रस्त्यानं चालली की पोरं मागून ओरडायची, "शिद्दीण! शिद्दीण!" ती मला विचारायची, "दादी, व्हॉट इज शिद्दीण?" मी सांगायची, पोरं वात्रट आहेत. हाच शब्द मी नवी नवरी असताना विहिरीवर ऐकला होता. माझी सासू कळशी घेऊन आली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शिद्दीण आली. ती मुरूडकडची होती, जंजिऱ्याच्या शिद्द्यांतली. त्यांचे पूर्वज कोण जाणे किती पिढ्यांमागे आफ्रिकेहून गलबतांतून आले. काहींनी राज्य केलं, काहींनी सुकाणं धरली, आणि विहिरीवरच्या बायकांनी हे सगळं एका शब्दात गुंडाळून ठेवलं.

तर गुरुवारी समरीन कामावरून आली ती चपलाही न काढता माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसली. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या आशुतोषनं तिला आत बोलावलं होतं. आशुतोष पुण्याचा. ईदेला आमच्या घरी जेवला आहे. शीरखुर्मा दोनदा मागून घेतला, सांदणं कशी करतात ते विचारून घेतलं आणि जाताना माझ्या पाया पडला. आमच्यात ती रीत नाही, पण मला बरं वाटलं. त्यानं समरीनला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मराठीत बोलला. तिथे बाकी सगळं इंग्रजीत चालतं.

"म्हणाले, मी आपल्या माणसासारखं सांगतो," समरीन म्हणाली. तिचं मराठी अडखळत चालतं, पण त्याचे शब्द तिला पाठ झाले होते. "तुझ्या कामाबद्दल नो कम्प्लेंट. पण समोरची मुलगी म्हणजे दवाखान्याचा चेहरा. त्या बारीक वेण्या नकोत. आणि मोकळे पण नकोत, मोकळे फार… दिसतात. केस नॅचरल ठेव."

"मग?"

"मी म्हटलं, सर, हे नॅचरलच आहेत. तर हसले. म्हणाले, अगं नाही, नॅचरल म्हणजे साधे. इतरांसारखे."

ती हसली नाही. मीही नाही. त्या बारीक वेण्या मी घातल्या होत्या.

आदल्या शुक्रवारी ती माझ्यापुढे जमिनीवर बसली होती, मी पलंगाच्या कडेला, आणि आमच्यामध्ये खोबरेल तेलाची वाटी. हातात माझ्या सासूची फणी. आमच्या गावच्या सुतारानं शिसवीच्या लाकडाची करून दिलेली, बोट जाईल इतके विरळ दात. सासू गेल्यावर ती तिच्या गाठोड्यात सापडली. घरात दुसऱ्या कुणाला ती चालणारी नव्हती, माझ्या केसांतून तर ती नुसतीच निसटते, तरी मी ती टाकली नाही. समुद्रापलीकडे घेऊन आले. समरीनच्या केसांत ती बरोबर बसते. मी भांग पाडत गेले, कपाळापासून मानेकडे, शेतात वाफे पाडतात तसे, आणि एकेक वेणी डोक्याला धरून वळत गेले. दुपार सरली. समरीन मधेच पेंगली, मधेच मोबाईलवर काही दाखवून हसली. आरशात तिनं डोकं डावीउजवीकडे वळवून बघितलं. मग म्हणाली, "दादी, माझा चेहरा दिसतोय." आणि खरंच दिसत होता. कपाळ, गालांची हाडं, सगळं पुढे आलं होतं. रशीदा स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि म्हणाली, "चांगलंय. पण ऑफिसात चालेल का?" आईला आधी कळतं. मला त्या वेळी तिचा राग आला होता.

या वेण्या मी खाबुऱ्यात शिकले. मस्कतला येण्याआधी आम्ही कितीतरी वर्षं खाबुऱ्यात होतो, बातिनाच्या किनाऱ्यावर. अमीनच्या अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान होतं, ओमानी लोकांचे पायघोळ दिशदाशे शिवायचं. मागच्या गल्लीत झुवेना राहायची. ती ओमानीच, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांझिबारला जन्मलेली. तिकडे अरबांविरुद्ध उठाव झाला तेव्हा लहानपणी बापाबरोबर परत आलेली. बहिणीशी बोलताना तिकडची भाषा बोलायची, आमच्याशी अरबी. दुपारी बदामाच्या झाडाखाली चटई टाकून बसायची आणि गल्लीतल्या पोरी एकेक करून तिच्यापुढे येऊन बसायच्या. मला पोरगी नव्हती. मी नुसती बघायला जायची. एक दिवस तिनं एक पोर माझ्यापुढे ढकलली. मी केस धरले आणि आपल्याकडच्यासारखे ओढले. पोर किंचाळली. झुवेनानं माझं नाव घेऊन दटावलं, "यल्ला, कुबरा! ती पोर आहे, बकरी नाही!" सगळ्या हसल्या, मीही हसले. हळूहळू माझ्या बोटांना जमलं. जमलं म्हणजे असं, की समुद्रावरून वारा यायचा, वाळूत सुकत टाकलेल्या तारल्यांचा वास यायचा, आणि माझी बोटं माझ्याशिवाय चालायची. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात निवांत दुपारी त्या. त्या वेळी कळलं नाही. त्या वेळी मी घरी जाऊन भाकऱ्या करायच्या चिंतेत असायची.

आणि अमीनचे अब्बा. त्यांचं नाव हसन, पण मी ते कधी उच्चारलं नाही, आजही लिहिताना हात अडतो. त्यांच्या डोक्यावर सदा टोपी. आपले लोक घालतात ती जाळीची नाही. जाळीची टोपी त्यांनी कधीच घातली नाही. ते स्वतः शिवायचे, जाड पांढऱ्या कापडाची, आतून अस्तर लावून, कानांपर्यंत उतरेल अशी खोल. लोक म्हणायचे, हसनभाई पक्के नमाजी. ते होतेच. पण टोपी नमाजाची नव्हती. दर आठवड्याला ते दार लावून डोकं बारीक करून घ्यायचे, स्वतःच, आरसा भिंतीला टेकवून. आणि त्यांची एक सवय होती. बोलताना, माप घेताना, गिऱ्हाईक दारात दिसलं की उजव्या हाताची तर्जनी उजव्या कानामागून टोपीच्या काठाखाली शिरायची, कपाळावरून फिरायची आणि डाव्या कानामागे येऊन थांबायची. बाहेर काही आलं असेल तर आत. त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. मी एकदा नक्कल करून दाखवली तर म्हणाले, "असं मी कधी करतो?" आणि म्हणता म्हणता केलं.

एका संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर चाललो होतो. वारा जोराचा होता. टोपी उडाली आणि वाळूवरून पळत सुटली. त्या आठवड्यात ताप आल्यामुळे डोकं करायचं राहून गेलं होतं. टोपी जाऊन अडली ती झुवेनाच्या पायाशी. तिनं ती उचलली, झटकली, आणि त्यांच्याकडे बघून थांबली. मग हसली. टिंगलीचं हसू नव्हतं ते. हरवलेलं मूल बाजारात सापडावं तसं.

"हसन, तुझी आई कुठली?"

"रत्नागिरीची," ते म्हणाले.

"खोटं! हे केस मी ओळखते. हे आमच्या घरचे आहेत."

त्यांनी हात पुढे केला. तिनं टोपी दिली. त्यांनी ती घातली, बोट फिरवलं, कानामागून कानामागे, आणि चालायला लागले. त्यानंतर ते तिच्या गल्लीनं कधी गेले नाहीत. दुकानाला लांबचा रस्ता धरला. झुवेनानं मनात काही ठेवलं नाही, दर ईदेला हलव्याचं भांडं पाठवायची. ते भांड्याला हात लावत नसत. आईच्या मुलखाचं नाव बदलून सांगायची त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिथे तर कुणी त्यांना शिद्दी म्हणतही नव्हतं. पण विहिरीवरच्या बायका त्यांच्याबरोबर जहाजात बसून आल्या होत्या.

"दादी, जळलं का बघ ना इथे," समरीन म्हणाली.

मी आत गेले. डाव्या कानशिलावर, जिथे तिनं यंत्र जास्त वेळ धरलं होतं, तिथे केसांचा रंग उडाला होता. मी नुसतं बोट लावलं. एक बट माझ्या हातात आली. ओढली नाही, तुटल्याचं कळलंही नाही. सुक्या गवतासारखी आली, आणि तिच्या जागी बोटभर खुंट राहिले. मी मूठ मिटली. पण आरशाला सगळं दिसतं.

ती रडली नाही. यंत्राचं बटण बंद केलं आणि ते फरशीवर ठेवलं. ते तिथं टिकटिक करत निवत राहिलं. मग ती म्हणाली, "नाऊ व्हॉट?" आणि मला तिचं तान्हेपण आठवलं. म्हणजे तिचा अकीका. सातव्या दिवशी तिचं जावळ काढलं, केसांच्या भारानं चांदी खैरात केली, सगळं रीतीप्रमाणे. ते मऊ, सरळ जावळ होतं. नंतर जे उगवलं ते असं उगवलं. रशीदा घाबरली. कुणीतरी तिला सांगितलं, पुन्हा मुंडन करा, दुसऱ्या खेपेला सरळ येतात. केलं. पुन्हा तसेच आले. पुन्हा केलं. वाढदिवसाच्या फोटोत समरीन टोपडं घालून आहे. न्हावी म्हणाला, "मॅडम, बच्ची को तकलीफ है." रशीदा मला म्हणायची, "अम्मी, केसांना वळण लागेल हो, लहान आहे तोवर लागेल." मराठी शाळेत गुरुजी माझ्या अक्षराला वळण लावायचे, आई मला चांगलं वळण लागावं म्हणून कामाला जुंपायची. केसांना वळण म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही. तिच्या केसांना वळण होतंच की. इतकं होतं की सगळ्या घराला पुरलं असतं. आलेगेले पाहुणे विचारायचे, "ही कुणाच्या वळणावर गेली?" अमीनचे अब्बा त्या वेळी होते. ते उठून हातपाय धुवायला, वजू करायला जायचे. वेळ नमाजाची असो की नसो.

नातीला ते जवळ घेत, पण डोक्यावरून हात फिरवत नसत. पाठीवरून फिरवत.

शेवटच्या आजारात त्यांना रुस्ताकच्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथं कोण डोकं करणार? केस वाढले. पांढरे, दाट, अंगच्या वळणाचे. टोपी बसेना म्हणून नर्सनं ती काढून उशाशी ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात मी माझ्या माणसाचे वाढलेले केस तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते झोपेत होते. मी तळवा ठेवला. दबले. काढला. हळूहळू वर आले. मला इतकी ओळखीची खूण पटली की मी तशीच हात ठेवत आणि काढत बसले. ते जागे झाले. माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात उशाशी चाचपडायला लागला. मी टोपी दिली. उठून बसायचं बळ नव्हतं, पण टोपी घातली आणि बोट फिरवलं. कपाळापर्यंत आलं आणि तिथे दमलं. पुढचं मी फिरवलं.

रशीदा आणि अमीन आता खोलीत आले होते. कुणीतरी खिडकी उघडली. पूर्वी खिडकी उघडली की जवळच्या मंडईतल्या कांद्याबटाट्यांचा आणि सडक्या फळांचा वास यायचा. मंडई लांब बरका गावाकडे हलली तेव्हापासून नुसतं ऊन येतं. रशीदानं कानशील पाहिलं आणि तिच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मग तिनं समरीनचं डोकं पोटाशी धरलं, आणि तसंच धरून म्हणाली, "ऐक. तुझ्या सरांनीच सांगितलंय ना, स्कार्फ चालेल म्हणून?"

हे मला ठाऊक नव्हतं. समरीननं मला तेवढंच सांगितलं नव्हतं.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

समरीन आईच्या कुशीतून बोलली. "सर म्हणाले, तुमच्यात स्कार्फ असतो ना? तो घातलास तर प्रश्नच मिटला. स्कार्फ पॉलिसीत बसतो."

"मग झालं तर," अमीन म्हणाला. त्याचे केस माझ्यासारखे, सरळ. आता विरळ झालेत. "चांगलीच गोष्ट आहे की. पुण्याचं काम, सवाब पण मिळेल."

"सवाब कुणाकडून, आशुतोषकडून?" मी म्हटलं.

"अम्मी, तुम्ही पण ना." रशीदा चिडली. "तुम्ही जन्मभर डोकं झाकलंत. मी झाकते. पोरीनं झाकलं तर तुम्हाला त्रास?"

माझ्या डोक्यावर त्या वेळीही ओढणी होती. ती मी समजायला लागल्यापासून घेते आणि मला तिचा भार कधी झाला नाही. अल्लासमोर झाकलेलं डोकं मला ठाऊक आहे. पण मी ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याचं झाकलेलं डोकंही मला ठाऊक आहे, आणि बाहेरून दोन्ही एकसारखीच दिसतात, हे मी या लोकांना कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं, "समरीन, अल्लासाठी घालायचा असेल तर मी स्वतः बांधून देते. त्या आशुतोषसाठी नको."

"दादी, मग जॉब?"

"सोड. दुसरा बघू."

"कुठे? गावात?" ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळली. एक बाजू सरळ, एक बाजू तिची. "तिथे मला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तू मला कधी मीनिंग नाही सांगितलंस. मी गूगल केलं."

रशीदानं कपाट उघडलं. घडी केलेले स्कार्फ होते, राखी, निळे, एक मोरपिशी. समरीननं राखी उचलला, दवाखान्याच्या कपड्यांवर जाईल म्हणून. रशीदानं बांधला. पिना दातांत धरून, हसत, डोळ्यांत पाणी. अमीन म्हणाला, "माशाल्ला!" आणि मनापासून म्हणाला. ती सुंदर दिसत होती. खोटं कशाला बोलू? मी मूठ उघडली, ती बट फणीला गुंडाळली आणि फणी माझ्या ट्रंकेत ठेवून दिली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. समरीन पक्की झाली. व्हिसा आला. दोन मैत्रिणींबरोबर राहायची तिची सोय झाली. इमारतीतल्या बायका रशीदाला म्हणाल्या, नशीबवान आहात, आजकालच्या पोरी कुठे ऐकतात. घरातलं सामान विकलं जात होतं, फ्रिज गेला, सोफा गेला, भिंतींवर चौकोन उरले. मी अमीनला म्हटलं, जायच्या आधी एकदा खाबुऱ्याला ने, अब्बांच्या कबरीवर. तो म्हणाला, इन्शाल्ला. राहून गेलं. आणि जायच्या आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली.

म्हणून मी त्या काचेच्या दवाखान्यात जाऊन बसले. समोर टेबलामागे समरीन. राखी स्कार्फ, सरळ पाठ. येणाऱ्याजाणाऱ्यांशी तीन भाषांत बोलत होती आणि तिन्हींत तिचा आवाज गोड होता. मला बघून तिनं डोळ्यांनीच "थांब हं" म्हटलं. एक ओमानी बाई आत आली, काळीसावळी, भारदस्त, बरोबर एक छोटी मुलगी. मुलीच्या डोक्यावर बारीक वेण्या होत्या, कपाळापासून मानेकडे, टोकांना पिवळे मणी. मान हलवली की मणी वाजायचे. माझी बोटं आपोआप मांडीवर हलली. बाईनं समरीनला नाव सांगितलं, मग थांबली, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि अरबीत काहीतरी विचारलं. मोठ्या आपुलकीनं विचारलं. मला एवढं कळलं, की तुझे लोक कुठले?

"इंडिया," समरीन म्हणाली. "रत्नागिरी."

आम्ही रायगडचे.

आणि तिची तर्जनी उठली. उजव्या कानामागून स्कार्फच्या काठाखाली शिरली, कपाळावरून फिरली, डाव्या कानामागे येऊन थांबली. बाहेर काहीच आलेलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा ती बोबडं बोलत होती. तिला हे कुणी दाखवलेलं नाही.

"आजी!" आशुतोष समोर उभा होता. वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सवयीनं ठेवला गेला. "जाताय म्हणे? समरीनची काही काळजी करू नका, आम्ही आहोत. फार शिस्तीची मुलगी आहे हो. सगळं कसं नीटनेटकं. कुणाच्या वळणावर गेलीये?"

"तिच्या आजोबांच्या," मी म्हटलं.

"तेही असेच होते का?"

"हो. मरेपर्यंत."

त्याला ते फार आवडलं. "वा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी आतलं दार उघडून धरलं. मागे मणी वाजले. मी वळून पाहिलं नाही.